डाय हाऊसमध्ये रोज वापरते ती सुरक्षेची माहिती: सीसीओएचएस आणि नायॉश पॉकेट गाईड

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे जिथे कापड ब्लीच करून रंगवतात तिथे, मी लॅब सांभाळते. शेड जुळवणं, पाण्याचा हार्डनेस बघणं, पेरॉक्साईडची स्ट्रेंग्थ काढणं हे माझं मूळ काम. आमच्याएवढ्या युनिटमध्ये वेगळा सेफ्टी ऑफिसर नसतो. त्यामुळे ड्रमांवरची लेबलं, नोटीस बोर्ड आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय सांगायचं, हेही हळूहळू माझ्याकडेच आलं. सांगायचं तर माहिती लागते, आणि ती खरी असावी लागते, कारण माझं ऐकून समोरचा माणूस कॉस्टिक सोड्याच्या ड्रमाचं झाकण उघडणार असतो.

गेली काही वर्षं मी नेटवरच्या दोन मोफत गोष्टी सतत वापरते. एक, कॅनडाच्या सीसीओएचएस या संस्थेची 'ओएसएच आन्सर्स' ही माहितीपत्रकं. दुसरी, अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचं केमिकलचं पॉकेट गाईड. दोन्ही संस्था कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर आणि आरोग्यावर काम करतात. डाय हाऊस, साइजिंग (सुताला खळ लावायचं काम), लूम शेड अशा ठिकाणी ज्यांच्यावर चार माणसांची जबाबदारी आहे त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय, म्हणून जरा सविस्तर.

आधी हे सांगते की आमच्याकडे एरवी माहिती येते कुठून. माल घेतला की सप्लायर सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या केमिकलचे धोके सांगणारा कागद, देतो. हातात येते ती बहुतेक वेळा झेरॉक्सची झेरॉक्स असते. तारीख पुसलेली, आणि काही वेळा शीट भलत्याच कंपनीच्या मालाची. एकदा हायड्रोजबरोबर (रंगाईत लागणारं सोडियम हायड्रोसल्फाईट) मला ब्लिचिंग पावडरची शीट मिळाली होती. हायड्रोजला ओल लागली की तो आपोआप तापतो, पेट घेऊ शकतो आणि त्यातून सल्फर डायऑक्साईड निघतो. चुकीची शीट फाईलला लावून ठेवली तर ही गोष्ट कुणाला कळणार? दुसरा रस्ता व्हॉट्सॲपचा. 'कॉस्टिक अंगावर पडलं तर लिंबू चोळा', 'धुळीत काम केल्यावर गूळ खा, छाती साफ होते', असे फॉरवर्ड येतच राहतात. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशाच्या आधारावर लिहिलं, याचा पत्ता नसतो, आणि चुकीचं निघालं तर दुरुस्त करणाराही कुणी नसतो.

सीसीओएचएसवर माझा विश्वास बसला तो याच कारणाने. ही संस्था १९७८ साली कॅनडाच्या संसदेच्या कायद्याने झाली. तिच्या कारभारी मंडळात सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिघांचे प्रतिनिधी बसतात. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. एकट्या मालकाने लिहिलेली सूचना 'कामगाराने काळजी घ्यावी' एवढ्यावर थांबते. यांच्या पत्रकात आधी मशीनवर आणि हवा खेचण्यावर काय करता येईल ते असतं, मग कामाची पद्धत, आणि हातमोजे-मास्क सगळ्यात शेवटी. प्रत्येक पत्रकाखाली मजकूर शेवटचा कधी बदलला आणि तो आजही बरोबर आहे हे कधी तपासलं, याच्या तारखा असतात. मी पत्रक उघडलं की आधी खाली जाऊन ती तारीख बघते. मजकूर जुना असू शकतो. पण अमुक तारखेला कुणीतरी तो पुन्हा वाचून 'हो, हे अजून बरोबर आहे' म्हटलं आहे, एवढं कळलं तरी माझा जीव निवांत होतो. अशी देखभाल करायला पगारी माणसं लागतात. ती दिसत नाहीत, पण तारखेत त्यांचं काम दिसतं.

याचा उपयोग कसा होतो ते कॉस्टिकवरून सांगते. डोळ्यात कॉस्टिक उडालं तर किती वेळ पाणी मारायचं? आमच्या एमआयडीसीत कुणालाही विचारा, 'पंधरा मिनिटं' असंच उत्तर येईल. शीटवरही बहुतेक तेच असतं. पंधराचा आकडा अमेरिकेतल्या आयवॉशच्या, म्हणजे डोळे धुण्याच्या उपकरणाच्या, स्टँडर्डमध्येही आहे, पण तिथे तो उपकरणाबद्दल आहे: आयवॉशला सलग १५ मिनिटं पाणी देता आलंच पाहिजे. डोळा धुणं कधी थांबवायचं, हा वेगळा प्रश्न. सीसीओएचएसचं इमर्जन्सी शॉवर आणि आयवॉशवरचं पत्रक केमिकलप्रमाणे वेळ वेगळी करून देतं. सौम्य असेल तर ५ मिनिटं, जळजळ करणारं असेल तर १५ ते २०, बहुतेक दाहक केमिकलना ३०, आणि कॉस्टिकसारख्या तीव्र अल्कलीला ६० मिनिटं. कारणही समजण्यासारखं आहे. ॲसिडने वरचा थर गोठतो आणि पुढची वाट थोडी अडते. अल्कली पेशींतली चरबी विरघळवत आत आत जात राहतं. वरून डोळा बरा दिसला तरी आत काम चालूच असतं.

हे वाचल्यावर मी हिशोब मांडला. आयवॉशला मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी लागतं. १५ मिनिटांना साडेबावीस लिटर, तासाभराला ९० लिटर. आमची आयवॉशची बाटली अर्ध्या लिटरची होती. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि कारखाना टँकर-बोअरवर चालतो. तिथे हे ९० लिटर स्वच्छ पाणी कुणी तरी आधीच राखून ठेवलेलं असावं लागतं. मालकांना मी तो कागद दाखवला. ते म्हणाले, "कॅनडात पाणी आहे ओ मॅडम." मी म्हटलं, डोळा तर इथला पण तसाच आहे ना. कॉस्टिकच्या हौदाशेजारी आता आयवॉशसाठी वेगळी टाकी आहे आणि त्यातलं पाणी दुसऱ्या कुठल्याच कामाला काढायचं नाही, असं ठरलंय. गाडीतून दवाखान्यात नेतानाही पाणी मारत राहायचं, म्हणून भरलेले कॅनही शेजारी असतात.

लिंबाचंही इथेच संपवते. अल्कलीवर ॲसिड चोळून ते मारायला गेलात तर त्या रासायनिक क्रियेतून उष्णता निघते. आधीच भाजलेल्या कातडीवर आणखी उष्णता. पाणी, भरपूर पाणी आणि बराच वेळ, एवढंच करायचं.

आता पॉकेट गाईड. पहिली आवृत्ती १९७८ ची. आज त्यात ६७७ केमिकल आणि केमिकलचे गट आहेत. फोनवर उतरवून घेतलं की रेंज नसली तरी उघडतं. आमच्या शेडमध्ये पत्र्यामुळे रेंज जाते, म्हणून मला याचं फार मोल आहे. वाचायला मात्र ते अवघड आहे. सगळं संक्षेपात, खुणांच्या भाषेत. पहिल्यांदा उघडणाऱ्याने तासभर बसून त्या खुणा समजून घ्याव्यात, मगच वापरावं. एकदा सवय झाली की मिनिटात हवं ते सापडतं: वास कसा येतो, कशाशी जमत नाही, शरीरात कुठल्या वाटेने जातं, किती प्रमाणात जिवाला तत्काळ धोका.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट अशी, की दोन संस्थांचे आकडे वेगळे असतील तर ते दोन्ही शेजारी शेजारी छापतात. क्लोरिनचं बघा. नायॉशची शिफारस ०.५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत अर्धा भाग) वर जाऊ नये अशी, तर अमेरिकेच्या कायद्यातली मर्यादा १ पीपीएम. जिवाला तत्काळ धोक्याचा आकडा १०. शास्त्र काय म्हणतं आणि कायदा कुठवर आला आहे, यातलं अंतर लपवलेलं नाही. ज्या माहितीत मतभेदच दिसत नाहीत तिथे मला आता शंका येते.

क्लोरिनचा विषय डाय हाऊसमध्ये निघतो तो हायपोमुळे. सोडियम हायपोक्लोराईट ॲसिडला भेटलं की क्लोरिन वायू सुटतो. ज्या युनिटमध्ये अजून हायपो ब्लीच चालतं, तिथे ब्लीचनंतर कापड ॲसिडमध्ये काढतात, म्हणजे दोन्ही ड्रम एकाच खोलीत असतात. एकच मग दोन्हीकडे वापरला जातो. पॉकेट गाईडमध्ये 'कशाशी जमत नाही' हा रकाना आहे. तो बघून मी आमच्या गोडाऊनची मांडणी करून घेतली: हायपो एका भिंतीला, ॲसिड समोरच्या, हायड्रोज वेगळ्या कोरड्या खोलीत लाकडी फळीवर, आणि प्रत्येकाचा मग वेगळ्या रंगाचा. रंगाचं हे आमच्या अक्कांनी सुचवलं. त्यांना मराठी वाचता येत नाही, तेलुगू येतं, आणि नव्या पोरांना दोन्ही धड येत नाही. रंग सगळ्यांना कळतो.

कापसाच्या धुळीबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण ते माझ्या घरातलं आहे. माझे वडील मिलमध्ये कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजण्याच्या कामावर, होते. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला गेले की संध्याकाळी छाती आवळल्यासारखी व्हायची, धाप लागायची. पुढचे दिवस थोडं बरं. आई म्हणायची सुट्टीत गार पाण्याने अंघोळ केली म्हणून. हा बिसिनोसिस नावाचा आजार आहे, सुट्टीनंतरच्या दिवशी जास्त होणं हीच त्याची ओळख, आणि आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या नोंद करायच्या आजारांच्या यादीत तो होता, हे मला फार उशिरा कळलं. तोवर वडिलांची नोकरी संपलेली होती. कापसाच्या झाडावरच्या जिवाणूंमधून येणारं एंडोटॉक्सिन धुळीबरोबर फुप्फुसात जातं, त्याचा यात मोठा वाटा मानतात. गूळ चघळल्याने घशाला बरं वाटतं, ते खरं. पण गूळ जातो पोटात आणि धूळ फुप्फुसात. त्यांची गाठ पडत नाही.

पॉकेट गाईडमध्ये कच्च्या कापसाच्या धुळीसाठी नायॉशची मर्यादा दर घनमीटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी अशी आहे. अमेरिकेचा १९७८ चा कापूस धुळीचा नियम खात्याप्रमाणे फरक करतो: सूत काढण्याच्या कामाला ०.२, साइजिंग आणि विणकामाला ०.७५. हे आपल्यासारख्या गावाला फार उपयोगाचं आहे, कारण सोलापुरात सूतगिरणी वेगळी, साइजिंग वेगळं, माग वेगळे. 'कापसाची धूळ' म्हणून सरसकट एकच आकडा फळ्यावर लिहिणं बरोबर नाही. मोजायचं साधन मात्र आमच्याकडे नाही, ते महाग आहे. आकड्यांमुळे एवढं कळतं की हा विषय 'थोडी धूळ चालायचीच' म्हणून सोडण्यासारखा नाही. म्हणून मागाखालचं तूस कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायचं नाही, ओढून घ्यायचं, हे मी भाऊंच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये भांडून सुरू करायला लावलं.

मास्कबद्दलही इथेच. बाजारात 'एन ९५' लिहिलेला मास्क वीस-पंचवीस रुपयांना मिळतो, कानात अडकवायचा. नायॉशने मंजूर केलेल्या मास्कवर टीसी-८४ए ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक छापलेला असतो आणि तो क्रमांक त्यांच्या यादीत ताडून बघता येतो. नकली ओळखायच्या खुणाही त्यांनी दिल्यात: क्रमांक नसणं, संस्थेच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, लहान मुलांसाठी मंजूर असल्याचा दावा, डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यांऐवजी कानातले लूप. मी दुकानात उभी राहून फोनवर क्रमांक तपासते. दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे. आणि खरा एन ९५ सुद्धा धुळीसाठी आहे, वायूसाठी नाही. क्लोरिन किंवा ॲसिटिक ॲसिडच्या वाफेला तो काहीच अडवत नाही. हे मी प्रत्येक नव्या माणसाला दोनदा सांगते.

नायॉशचं आवाज मोजायचं एक मोफत ॲपही आहे. ते फक्त आयफोनवर चालतं, कारण अँड्रॉईडमध्ये प्रत्येक कंपनीचा माईक वेगळा, मग अचूकतेची खात्री देता येत नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो, पण लूम शेडमध्ये आयफोन असतो कुणाकडे? भाच्याचा फोन घेऊन भाऊंच्या शेडमध्ये मोजलं तर आकडा ९७ च्या आसपास थरथरत होता. नायॉशच्या हिशोबाने ८५ डेसिबलला ८ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९७ ला अर्धा तास. माग चालवणारे मामा तिथे बारा-बारा तास असतात आणि घरी टीव्ही फुल आवाजात लावतात. ज्यांच्याकडे आयफोन नाही त्यांनी नायॉशचीच साधी खूण लक्षात ठेवावी: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर ८५ ओलांडलेलं आहे असं समजावं. आमच्याकडे तर माणसं हाताच्या खुणांनीच बोलतात.

आता उणं काय ते.

सगळ्यात मोठी अडचण, ही माहिती दुसऱ्या देशाची आहे. १८ मे २०२५ ला आमच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून ८ जण गेले, त्यात लहान बाळही होतं. त्यानंतर सगळीकडे आग विझवायच्या सिलिंडरची चौकशी सुरू झाली आणि मी सीसीओएचएसचं त्यावरचं पत्रक काढलं. त्यात आगीचे वर्ग दिलेत: ए म्हणजे कापूस, लाकूड, बी म्हणजे तेल, सॉल्व्हंट, सी म्हणजे विजेची आग. उत्तर अमेरिकेत हे बरोबर आहे. आपल्या भारतीय मानकात सी म्हणजे वायूची आग. ते पत्रक जसंच्या तसं भाषांतर करून विजेच्या पॅनेल रूमबाहेर लावलं असतं तर सिलिंडरवरचं लेबल आणि भिंतीवरचा कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगत राहिले असते. म्हणून वर्गवारी, कायदा, फोन नंबर आणि लेबलवरच्या खुणा आपल्याकडच्याच घ्याव्यात. केमिकलचा गुणधर्म देश बदलल्याने बदलत नाही, तेवढा त्यांच्याकडून घ्यावा. आणि कारखान्याच्या आवारात कुटुंबं राहतात, रात्री शटर आतून लावलेलं असतं, याबद्दल कॅनडाच्या पत्रकात काही मिळणार नाही. ते आपणच लिहायला हवं.

कायद्याचंही तसंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, कारखाना कायद्यासह १३ कायदे सुरक्षा आणि आरोग्याच्या एका संहितेत गेले. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर गेली. साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत किती शेडमध्ये दहा ते वीसच्या मधली माणसं आहेत, ते सोलापूरकरांना सांगायला नको. आजही मराठीत शोधलं की १९४८ च्या कायद्याची कलमं सांगणारे लेख वर येतात, एकावरही तारीख नाही. कारखान्यांच्या सुरक्षेसाठी असलेल्या आपल्या केंद्र सरकारच्या डीजीफासली या संस्थेचं काम मोठं आहे, मुंबईत शीवला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ पासून आहे. एवढा अनुभव असताना कॉस्टिक, हायपो, हायड्रोज यांच्यावर दोन पानी, तारीख असलेली, मराठी आणि तेलुगू पत्रकं कुणीतरी काढावीत आणि ती दरवर्षी पुन्हा वाचावीत, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

नायॉशबद्दल एक काळजीही आहे. १ एप्रिल २०२५ ला अमेरिकेच्या सरकारने तिथल्या बहुतांश कर्मचाऱ्यांना कमी करायचं ठरवलं. पुढे त्यातल्या बऱ्याच जणांना परत घेतलं. मास्क तपासणारे, आकडे तपासणारे हेच लोक. गाईड फोनमध्ये आहे तसंच राहील, पण त्यामागे माणूस नसेल तर ते दरवर्षी थोडं थोडं जुनं होत जाईल, आणि उघडणाऱ्याला ते कळणारही नाही. म्हणून मी आता एकाच जागी बघून थांबत नाही. केमिकल पॉकेट गाईडमध्ये बघितलं की आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) यांच्या केमिकल सेफ्टी कार्डाशी ताडते. कॉस्टिकचं कार्ड ०३६०, क्लोरिनचं ०१२६. दोन्हीकडे एकच गोष्ट असली की लिहिते. वेगळी असली की दोन्ही आकडे लिहून कमी असलेला पाळायचा, असं आम्ही ठरवलंय.

वापरायला सुरुवात करणार असाल तर पॉकेट गाईड आधी फोनवर उतरवून घ्या आणि आपल्या गोडाऊनमधल्या मालाची यादी हातात घेऊन एकेक केमिकल शोधा. हायपोसारखी काही त्यात त्या नावाने सापडणार नाहीत, ती कार्डांमध्ये बघा. सीसीओएचएसवर पहिल्यांदा आयवॉशचं पत्रक वाचा, मग बंद टाक्यांमध्ये उतरण्याचं. ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लांटची, टाकी साफ करायला माणूस उतरवणाऱ्या प्रत्येकाने ते वाचलंच पाहिजे. अशा टाक्यांत साचणारा विषारी हायड्रोजन सल्फाईड वायू १०० पीपीएमला पोचला की नाकाला वास कळेनासा होतो, आणि नायॉशने १९८६ मध्येच लिहून ठेवलंय की अशा बंद जागांतल्या मृतांमध्ये ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला उतरलेले असतात. जे मराठीत उतरवाल त्याच्याखाली स्वतःचं नाव, कुठून घेतलं ते आणि तारीख घाला. आमच्याकडे दर मार्चला सुरक्षा सप्ताहाच्या आधी सगळे कागद काढून पुन्हा ताडून बघतो, आणि ज्याची तारीख वर्षाच्या वर गेली तो भिंतीवरून उतरवतो.